सिलोनचं पान

आमच्या अक्कांनी विड्याच्या पानाच्या व्यापारावर जाडजूड प्रबंध लिहिला, पण पानमळ्यात त्यांचं पाऊल आयुष्यात एकदाच पडलं. तेही मळा मोडल्यावर. कुंभकोणमच्या बाजूला मळ्यात बाईमाणसाला येऊ देत नसत. आमच्या मिरजेकडेही देत नसत. पानवेल सोवळी, तिला विटाळ चालत नाही, दृष्ट लागते, ही दोन्हीकडची समजूत. चपला कुंपणाबाहेर काढायच्या. तोंडात शिवी असेल तर तीही बाहेरच टाकायची. आणि आत गेल्यावर ‘नाही’, ‘संपलं’, ‘वाळलं’, ‘मेलं’ असले शब्द काढायचे नाहीत. वेलीवरची पानं खुडून झाली तरी ‘वाढली’ म्हणायचं. माझ्या बापाने मला हे सगळं चालायला यायच्या सुमारास शिकवलं होतं. इतक्या लांब, परक्या भाषेच्या मुलखात, तेच्या तेच नेम पाहिले तेव्हा मला भरून आलं होतं. वाटलं, हे आपलंच घर आहे, फक्त बोली वेगळी.

त्याच नेमापायी मी एका माणसाचं वाटोळं केलं. ते कसं झालं तेवढंच सांगायचं आहे.

मी चौथी सोडलेला माणूस. नापास नव्हे, सोडलेला. बाप गेला आणि मळा थोरल्या भावाकडे आला, त्याला हाताशी माणूस हवं होतं. एकोणिसाव्या वर्षी गावातली मंडळी रामेश्वराला निघाली, त्यांची बोचकी उचलायला मी निघालो. कुंभकोणमला उतरलो तो तापाने फणफणलो. मंडळींची पुढची तिकिटं काढलेली होती. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली, मग मला धर्मशाळेच्या कोपऱ्यात निजवून, उशाशी तांब्या ठेवून पुढे गेली. परतताना घेऊन जाऊ म्हणाली. परतताना ती दुसऱ्या गाडीने गेली.

देवळातून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला ‘आई गं’ म्हणताना ऐकलं. त्या थबकल्या. काठी टेकत जवळ आल्या.

“कोठचा रे तू? मराठ्यांचं लेकरू की काय?”

मी मान हलवली असेन. त्यांनी आपल्या गड्याला बोलावून मला घरी नेलं. ते घर तंजावरच्या राजांच्या वेळेपासून तिथे राहिलेल्या मराठी माणसांचं. बाहेर सगळे तमिळ बोलत, उंबरा ओलांडला की मराठी. पण ती मराठी आमच्या पणजोबांनी बोलावी तशी. विचारणे नाही, पुसणे. चार शब्दांमागे एक तमिळ शब्द. मला एकवीस दिवस विषमज्वर होता. त्या एकवीस दिवसांत म्हाताऱ्या आईंनी मला पेज पाजली, अंग पुसलं, आणि मी शुद्धीवर येताच पहिलं काय पुसलं असेल तर, “जेवशील की?” त्या घराचे उपकार मी फेडीन असं मला कधी वाटलं नाही. नुसती भीती वाटायची की एक दिवस यांना कळेल, हा काही कामाचा नाही, आणि मग हे लोक मला परत धर्मशाळेत नेऊन निजवतील. सात वर्षं झाली तरी ही भीती गेली नव्हती.

म्हाताऱ्या आईंची एकुलती एक मुलगी म्हणजे अक्का. त्या मद्रासला अर्थशास्त्र शिकून आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. सकाळी मुलींच्या शाळेत शिकवत आणि दुपारनंतर घरच्या माडीवर टंकयंत्रापुढे बसत. वय माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी जास्त. मला त्या ‘अरे’ म्हणत, मी त्यांना ‘अक्का’.

मी बरा झाल्यावर घरी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. मग पोटापाण्यासाठी पानबाजारात लागलो. कुंभकोणमचं पान कोवळं, फिकट, जिभेवर ठेवलं की विरघळावं असं. शंभर पानांची चवड लावायची, तिला तिथे कवुळी म्हणत. अशा कवुळ्या केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून टोपलीत बसवायच्या, तोंड शिवायचं, की झाला डाग तयार. डाग संध्याकाळच्या गाडीने धनुष्कोडीला जात आणि तिथून आगबोटीने सिलोनला. पानाचं आयुष्य चार-पाच दिवसांचं, त्यामुळे सगळी धावपळ. माझा हात पानावर बसलेला होता, त्यामुळे मुकादम खूश असे. “मराठ्याच्या बोटांना डोळे आहेत,” म्हणायचा.

मळेवालेही ओळखीचे झाले. त्यात एक अरसलार नदीच्या काठचा, चाळिशीचा, बुटका, सदा हसणारा. मी त्याला अण्णा म्हणे, तो मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. माझ्या तमिळवर तो पोट धरून हसायचा.

“तुमच्या राजाने आमचं तंजावर घेतलं,” तो मला म्हणायचा, “तू निदान ही टोपली तरी घे. एवढ्याशाने वाकलास?”

त्याच्या मळ्यात गेलं की मी सगळं विसरायचो. हादग्याच्या सरळ झाडांवर चढलेल्या वेली, मधून पाण्याचे पाट, वर हिरवी सावली. मिरजेला आम्ही वेल लव्हाळ्याने बांधायचो, हे केळीच्या सुताने बांधत. तेवढाच फरक.

मग ते वादळ आलं. कार्तिक सरत आला होता. वाऱ्याचं मी काही सांगत नाही, सांगता येत नाही. सकाळी बाहेर पडलो तर नारळी मधोमध मोडलेल्या होत्या आणि पानमळे जमिनीला चिकटले होते, ओल्या केसांसारखे. अण्णा पाटात उभा होता. हादग्याचं एक झाड त्याने खांद्यावर धरलं होतं, जणू ते अजून उभं करता येईल. तेव्हाही तो कुंपणाच्या आत होता म्हणून मोडलं म्हणाला नाही. म्हणाला, “तंबी, मळा निजला रे.”

डाग बंद झाले. मला कामावरून काढलं. मी घरी आलो आणि ओट्यावर बसून राहिलो, बोचकं बांधू की नको या विचारात. तेव्हा अक्का माडीवरून खाली आल्या.

“तुला अत्ता वेळ आहे की? मजसाठी काम करशील?”

अक्कांचा विषय असा होता की वादळ, पूर, भूकंप असं काही आलं की परमुलखाशी चाललेल्या व्यापाराचं पुढे काय होतं. पुस्तकांत लिहिलेलं होतं म्हणे, की ही नुसती ठेच असते. माणूस ठेच लागली की दोन पावलं लंगडतो आणि मग पूर्वीसारखा चालायला लागतो. अक्कांना ते पटत नव्हतं. बंदराचे जुने वार्षिक अहवाल त्यांनी मिळवले होते, माडीभर पसरले होते. त्या एकेक पान उलटत मला दाखवायच्या. जणू मला काही कळणार होतं.

“पाहा. वादळाच्या आधी हे कापड जात होतं. वादळाच्या वर्षी गेलं नाही. ते ठीक. दुसऱ्या वर्षी विणकर होते, सूत होतं, जहाज होतं. तरी गेलं नाही. पुढे कधीच नाही. कां?”

“कां?”

“घेणारा थांबला नाही म्हणून. रंगूनचा तांदूळ अम्हांस वादळानंतर लगेच येतो. आमची भूक थांबत नाही. मग सिलोनच्या माणसाची तलफ थांबेल कां? त्याला दुसरीकडून मिळालं की तो तिकडचा झाला. येणारा माल परत येतो रे. जाणारा माल परत जात नाही.”

हे मला कळलं. अगदी नीट कळलं. कारण आजारातून उठल्यावर तिसऱ्या वर्षी मी एकदा गावी जाऊन आलो होतो. भाऊ वाईट वागला नाही, वहिनीने भाकरी वाढली. पण माझी वळकटी ठेवायच्या जागी त्यांनी सरकीची पोती रचली होती. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. जागा होती, पोती होती. मी चार दिवस राहून परत आलो.

तर अक्कांना मळेवाल्यांकडून माहिती हवी होती. कुणाचं किती उभं आहे, कोण पुन्हा लावणार, कोण सोडणार, कशावरून ठरवतो. शाळेतले शिकलेले लोक बूट घालून कुंपणाशी जायचे आणि मळेवाले त्यांना वाटेवरूनच परत पाठवायचे. अक्कांना तर आत जायची सोयच नव्हती. मी जाऊ शकत होतो. मी त्यांचे पाय झालो. मी यायचो, सांगायचो, त्या लिहून घ्यायच्या. चौथी सोडलेल्या माणसाचा शब्द टंकयंत्रावर उमटायचा. त्या दिवसांइतका मला माझा अभिमान कधी वाटला नाही, आणि त्या दिवसांइतकी धास्तीही. काही चुकलं तर?

मार्गळी महिना लागला, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. अण्णाने मला गाठलं, रस्त्यात. जवळच्या एका देवळाची फुलबाग राखायला माणूस हवा होता. राहायला दोन खणांचं घर, रोजचा देवाचा प्रसाद, वर धान्य. त्याला विचारलं होतं. पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, हो की नाही सांगायचं.

“माझी बायको म्हणते, घे. फुलांचं काम हलकं,” तो म्हणाला. “पण मी गेलो तर मळ्याचं रान जमीनमालक केळीला देईल. मग ते गेलंच. आणि सिलोनवाला परत पान घ्यायला लागला तर मी जन्मभर जाई-शेवंतीला पाणी घालत बसेन. तुझ्या अक्काला विचार ना. ती एवढं लिहिते. तिच्या पुस्तकात काय निघतं, सिलोनवाला परत घेईल का? ती म्हणेल तसं मी करतो.”

मी अक्कांना सांगितलं. सिलोनात, जाफन्याकडच्या एका शाळामास्तरांशी त्यांचा पत्रव्यवहार होता, त्यांच्या उत्तराची त्या वाट पाहत होत्या. ते पोंगलच्या आठ दिवस आधी आलं. अक्कांनी मला मराठीत वाचून दाखवलं. मास्तरांनी लिहिलं होतं, आमच्याकडे लोकांच्या परसात वेली होत्याच, तुमचं पान थांबल्यापासून सगळे तीच पानं खुडतात. पान लहान आहे, तिखट आहे, तुमच्या पानाची सर नाही. पण रोज मिळतं. बाहेरून पान आणायचा परवानाही आता कोणी मागायला जात नाही. तोंडाला हेच लागलं आहे.

अक्कांनी पत्राची घडी घातली.

“जा. त्याला सांगून ये. स्पष्ट सांग, की घेणार नाहीत. फुलबाग घे म्हणावं. बी टाकायच्या आधी सांग, एकदा हादगा टाकला की माणूस मागे फिरत नाही.”

“हो.”

“आड-पडदा ठेवू नको. पावम, बिचाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे.”

मी गेलो. सकाळची वेळ, दहिवर पडलेलं. वाटेभर मी वाक्य जुळवत होतो. तमिळमध्ये कसं म्हणायचं ते दोन-तीनदा पुटपुटलो. अण्णा दाराशी भेटेल असं मी धरलं होतं. तो मळ्यात होता. निजलेल्या झाडांचं जळण त्याने बाहेर रचलं होतं आणि वाफ्यांवर पाटातला गाळ ओढत होता. कडेला मडक्यात हादग्याचं बी भिजत ठेवलेलं.

“ये रे, मराठ्या! धोतर वर कर, हा चिखल तुझ्या राजाचा नव्हे.”

मी चपला काढल्या आणि आत गेलो. का गेलो? बाहेरून हाक मारायची होती. पण सात वर्षं मी त्या कुंपणाशी चपला काढून आतच जात आलो होतो, पाय आपोआप गेले.

त्याने फावडं टेकवलं. “पत्र आलं?”

“आलं.”

“मग? घेईल?”

मी म्हणालो, “अण्णा, जरा बाहेर चला. बाहेर सांगतो.”

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. कुठलाही मळेवाला ओळखतो, बाहेर चल म्हणजे काय ते. त्याने फावडं सोडलं. मला वाटलं आता तो येईल, कुंपण दहा पावलांवर होतं. पण तो आला नाही. तो त्या मडक्याशी उकिडवा बसला आणि त्याने मडक्यावर हात ठेवला, लेकराच्या टाळूवर ठेवावा तसा.

“बाहेर कशाला?” तो म्हणाला. “आत सांगण्याजोगं असेल तर आत सांग.”

“तसं नव्हे...”

“आत सांगण्याजोगं आहे ना, तंबी?”

तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी त्याला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता, वादळाच्या सकाळीही नाही. आणि माझ्या जिभेला बापाने लावलेलं कुलूप होतं. पेरायच्या बियाशेजारी उभं राहून ‘नाही’ कसं म्हणू? मी ते म्हणालो असतो आणि वेल जळली असती तर, असं काहीतरी डोक्यात आलं. वेल अजून लावलेलीही नव्हती.

“घेईल,” मी म्हणालो.

“घेईल?”

“घेईल, अण्णा.”

त्याने डोळे मिटले आणि ओल्या हाताने माझे दोन्ही हात धरले. मग चिखलाची चार बोटं माझ्या गालावर ओढली आणि मोठ्याने हसला. मला वाटलं, उद्या येऊन रस्त्यावर गाठून खरं सांगू.

घरी आलो तर अक्का जिन्यातच उभ्या.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“बघतो म्हणाला.”

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे जायला निघालो तेव्हा वाटेत कळलं की त्याने देवळात जाऊन फुलबागेला नकार कळवला आहे आणि ती जागा दुसऱ्याला दिली आहे. त्याने मळ्यात बी टाकलं होतं. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. आता सांगून काय होणार होतं, असं मी मनाला म्हणालो. खरं म्हणजे मला हायसं वाटलं, की आता सांगायला नको.

अक्कांना हे कोणाकडून तरी कळलं. त्यांनी मला माडीवर बोलावलं.

“तू सांगितल्यावरही त्याने लावलं?”

“हो.”

“नीट समजलं होतं ना त्याला? सिलोन घेणार नाही हे?”

“समजलं होतं.”

अक्का खुर्चीत मागे टेकल्या. “माणूस असा कां असतो रे?” त्या म्हणाल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. तेच मला आजही आठवतं. त्यांनी टंकयंत्रावर नवा कागद चढवला. पुढचे कित्येक दिवस त्या तेवढ्यावरच लिहीत होत्या. बातमी पोचत नाही म्हणून लोक चुकतात असं सगळे धरून चालतात. पण बातमी पोचली, समजली, तरी माणूस गेलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहतो, मग त्याला मदत करायची ती कशी? त्यांनी मला ते सगळं समजावून सांगितलं. “हे कोणी लिहिलेलं नाही. तुझ्यामुळे सापडलं,” म्हणाल्या. त्या दिवशी म्हाताऱ्या आईंनी मला सांज्याची पोळी वाढली. मी खाल्ली.

हादगा वाढला, वेल चढली. मी रोज सकाळी अण्णाच्या मळ्यात राबायला जाऊ लागलो, फुकट. त्याला वाटे माझं त्याच्यावर प्रेम आहे. होतंच. इतकी सुरेख वेल मी आमच्या मिरजेलाही पाहिली नव्हती. नवा गाळ, नवं रान. पानं अशी की बोटाचा ठसा उमटावा. शिडीवर चढून पहिलं पान त्याने खुडलं, डोळ्यांना लावलं आणि मला दिलं. “अक्कांना दे. म्हणावं, तुमच्या शब्दाचं पान.” मी ते वाटेत अरसलारमध्ये सोडलं.

स्टेशनच्या आवारात आमचा जुना मुकादम एका रिकाम्या टोपलीवर बसलेला असे. अण्णाने कवुळ्या नेऊन दाखवल्या. मुकादमाने एक पान उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं.

“पान सोन्यासारखं आहे. पण धनुष्कोडीला डाग जातच नाही आता. कोणाला पाठवू, समुद्राला?”

“जाईल पुढल्या महिन्यात,” अण्णा म्हणाला. “मला पक्कं ठाऊक आहे.”

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी सुतळी गुंडाळू लागलो.

गावच्या बाजारात लग्नसराई होती तोवर थोडंफार पान उठलं. ज्यांनी ज्यांनी पुन्हा लावलं होतं ते सगळे तिथेच बसलेले. मग आषाढ आला, त्या महिन्यात तिथे लग्नं नसतात, आणि बाजार ओस पडला. पान वेळेवर खुडलं नाही की राठ होतं, वेल रुसते, खालून पिवळी पडत जाते. अण्णा शिडीवर चढून पिवळी पानं काढायचा आणि पाटात टाकायचा. पाटात पिवळी पानं तरंगत जायची. आणि तो मला म्हणायचा, “येईल, तंबी. घेईल म्हटलंय ना.” माझाच शब्द, माझ्याच स्वरात. मळ्यात दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

याच सुमाराला अक्कांचा प्रबंध मद्रासला गेला होता. परीक्षकाचं पत्र आलं. बाकी ठीक आहे, जुनीच माहिती आहे, पण कळूनही पुन्हा लावणाऱ्यांबद्दलचं प्रकरण नवीन आहे, ते वाढवावं, त्यावर पदवीचा विचार करता येईल. अक्कांनी ते पत्र म्हाताऱ्या आईंना वाचून दाखवलं, मग मला. मी ओट्यावर जाऊन बसलो.

दुसरा मार्गळी आला तेव्हा अण्णाने निरोप पाठवला. मळा मोडतोय. जमीनमालक रान केळीला देतोय. अक्कांना कधीची आत यायची इच्छा होती ना, आता येऊ दे. आता कोणाची हरकत असणार नाही.

मी निरोप दाबून ठेवायचं मनात आणलं. पण निरोप आणणाऱ्याने तो म्हाताऱ्या आईंसमोरच सांगितला.

अक्का शाळेतून आल्या तशा निघाल्या. मी मागून. मळ्याचं कुंपण काढून टाकलं होतं. पण कुठे होतं ते जमिनीवर दिसत होतं. अक्का तिथे थांबल्या आणि वाकून चपलांचे बंद सोडू लागल्या.

“राहू द्या अक्का,” अण्णा म्हणाला. “आता तिथे काही नाही.”

सात-आठ वर्षांत त्या जागी मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

अक्कांनी तरी चपला काढल्या. अनवाणी वाफ्यांवरून फिरल्या. सुकलेल्या वेलींचे भारे पडले होते, त्यातली एक वेल त्यांनी उचलली, पेरं मोजली, गाठीला बोट लावलं. इतकी वर्षं लिहिलेली वस्तू त्या पहिल्यांदा हातात धरत होत्या. मग अण्णाकडे वळल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, “फार वाईट वाटतं, अण्णा.”

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “तुमच्या पुस्तकाने घेईल म्हटलं. नाही घेतलं. पुस्तकं काय, चुकतात. मी मनात धरलं नाही.”

अक्कांनी आधी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कोरड्या पाटात पाहत होतो. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी बोलावं असंही वाटलं.

“हो,” त्या अण्णाला म्हणाल्या. “चुकलं. मला क्षमा करा.”

आणि शिकलेल्या, थोरल्या घरच्या त्या बाईने त्या बुटक्या माणसापुढे हात जोडले. तो गडबडून गेला, धोतर सावरत मागे सरला, “अय्यो, अक्का, हे काय,” म्हणू लागला.

परतताना त्या पुलावर थांबल्या.

“दोन माणसांस दोन सांगितलंस.”

“हो.”

“कां?”

“त्याने आत विचारलं.”

त्यांना कळलं. नेम त्यांना माझ्याच तोंडून ठाऊक झाले होते, प्रबंधात एक टीपही होती. “बाहेर ओढून न्यायचंस.”

“बाहेर चला म्हटलं होतं. त्याचं तोंड पाहवलं नाही.”

“सेरी, बरं. ते समजलं.” त्या कठड्याला टेकल्या. “आणि मला? मी कोठल्या मळ्यात होते?”

मी म्हणालो, मला वाटलं तुम्ही मला काढून टाकाल. त्या हसल्या, पण ते हसू नव्हतं.

“आईने तुझं अंथरूण उचलू दिलं असतं असं वाटलं तुला?”

अक्कांनी मद्रासला पत्र लिहिलं की ते प्रकरण मागे घेत आहे, त्याचा आधार खोटा निघाला. कोणामुळे ते लिहिलं नाही. उत्तर दोन ओळींचं आलं. ते प्रकरण वगळल्यास प्रबंधात नवीन काही उरत नाही. अक्कांनी कागद ट्रंकेत भरले, टंकयंत्रावर कापड घातलं आणि पुढे निवृत्त होईपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. मला त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. मी त्या घरात राहिलो, अजूनही त्याच ओट्याच्या खोलीत आहे. फक्त तेव्हापासून मी काहीही सांगितलं की त्या दोनदा पुसत. दूध आलं? आलं. खरंच आलं? आलं, अक्का. रोज. त्यांच्या ते लक्षातही येत नसावं.

अण्णा तिरुनागेश्वरमकडे दुसऱ्यांच्या मळ्यात रोजाने पान खुडायला जाऊ लागला. वाटेवर ती फुलबाग लागते. तिथल्या माणसाने जाईचा मांडव चांगला वाढवला होता. दर पोंगलला अण्णा आमच्याकडे यायचा, केळीच्या पानात पाच विड्याची पानं आणि सुपारी घेऊन. अक्कांसाठी. चूक कबूल करणारी शिकलेली बाई आपण एकच पाहिली, असं तो साऱ्या गावात सांगायचा. अक्का ती पानं दोन्ही हातांनी घ्यायच्या आणि माडीवर जायच्या.

मग तो माझ्याशेजारी ओट्यावर बसायचा आणि कनवटीतून एक पान काढून माझ्यापुढे धरायचा.

“घे तंबी. तू काय करणार? तू ऐकलंस तेच सांगितलंस.”

आम्ही ओट्यावर होतो. तिथे मळा नव्हता, कुंपण नव्हतं, कुठलाही शब्द काढायला बंदी नव्हती. मी पानाचा देठ खुडायचो, शिरा काढायचो, चुना लावायचो आणि पान तोंडात घालायचो.